लोकरीच्या दुकानातली धाकटी जाऊ

दिवाळी आली की घराघरांतून ठेवणीतल्या वस्तू बाहेर निघतात. दारावर तोरण लागते, कोचावर धुतलेली जाळीदार आच्छादने पडतात, शेजारी धाडायच्या फराळाच्या ताटावर काठाला मणी लावलेला रुमाल येतो. यांतल्या बऱ्याच वस्तू क्रोशाच्या असतात. कुणाच्या आत्याने रुखवतासाठी केलेल्या, कुणाच्या आजीने बाळंतविड्यात घातलेल्या. त्या इतक्या सवयीच्या झाल्या आहेत, की त्यांनाही काही इतिहास असेल असे आपल्या मनात येत नाही. राजेरजवाडे आणि लढाया यांचा इतिहास असतो; रुमालाचा कसला असणार?

मी शाळेत शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण झाले नाही, तेव्हा पंडिताचा आव मला आणायचा नाही. पण कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींना क्रोशा शिकवता शिकवता या सुईची चौकशी करण्याचा नाद मला लागला. त्या चौकशीत मला एक जुनी दुकानदारीण भेटली, दुष्काळात सापडलेला एक देश भेटला आणि गोदावरीच्या मुखाजवळच्या हजारो बायका भेटल्या. दिवाळीच्या निवांतपणात त्यांची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी दोन जावांची गोष्ट सांगते. विणकामाच्या घरात थोरली जाऊ म्हणजे दोन सुयांचे विणकाम. स्वेटर, मोजे, मफलर हा तिचा संसार. धाकटी म्हणजे क्रोशा, टोकाला आकडा असलेली एकच सुई घेऊन आलेली. थोरलीचे सगळे टाके सुईवर जिवंत असतात; ऐंशी घरांचा स्वेटर असेल तर ऐंशीच्या ऐंशी घरे सांभाळावी लागतात, एक निसटले तर ते खालपर्यंत उसवत जाते. धाकटीच्या सुईवर बहुतेक वेळ एकच फास असतो. साखळी, मुका खांब, खांब, लांब खांब एवढ्या चार गोष्टींवर तिचे राज्य चालते. काम कुठेही थांबवा, सुई काढून ठेवा, दूध उतू जाते आहे ते बघून या. फार तर एखादा टाका सुटेल.

वयाने मात्र दोघींत फार अंतर आहे. इजिप्तमध्ये सुयांवर विणलेले सुती मोजे सापडले आहेत, त्यांतले सर्वांत जुने जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचे मानतात. आज आपण ओळखतो त्या क्रोशाचा खात्रीलायक पुरावा एकोणिसाव्या शतकाच्या आधी मिळत नाही. सन १८१२ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या एलिझाबेथ ग्रँट नावाच्या बाईने आपल्या आठवणींत ‘धनगरी विणकामा’चा उल्लेख केला आहे. ते आकड्याने केलेले जाड, घट्ट काम असे. पुढे १८२३ साली हॉलंडमधल्या ‘पेनेलोपे’ या मासिकात रेशमी बटव्यांचे नमुने छापून आले, त्यांत क्रोशाचा नमुना होता. छापील नमुन्यांत हाच पहिला समजला जातो.

मग त्याआधी ही आकड्याची सुई होती कुठे? इथे आपल्या वाचकांना कौतुक वाटेल अशी एक गोष्ट आहे. आपल्याकडे ब्लाउजच्या बाह्यांवर आरीकाम करून घेतात, ते पुष्कळांनी पाहिले असेल. ताणून बसवलेल्या कापडावर वरून आकड्याची आरी खुपसायची, खालचा धागा वर ओढायचा आणि साखळी घालत जायचे. कच्छच्या मोची कारागिरांचे या कामात मोठे नाव होते. अठराव्या शतकात पूर्वेकडून गेलेली ही कला फ्रान्समध्ये मानाला चढली. तिथे गोल चौकटीवर कापड ताणून हे काम करीत, आणि ती चौकट डफासारखी दिसे म्हणून त्याला तांबूर म्हणत. क्रोशाचा उगम यातच असावा असे अनेक अभ्यासक मानतात. कुणाच्या तरी मनात आले असेल, की साखळी तर दोऱ्याची दोऱ्यातच अडकते, मग खाली कापड हवेच कशाला? कापड गेले, चौकट गेली, आकडा तेवढा राहिला. आकड्याला फ्रेंच भाषेत ‘क्रोशे’ म्हणतात. आपण त्याचा क्रोशा केला.

आता दुकानाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत युरोपातल्या सुखवस्तू बायकांना बर्लिनच्या लोकरीचे वेड लागले होते. मऊ मेरिनो लोकर, तिचे झगझगीत रंग आणि चौकटींच्या कागदावर रंगवलेले नमुने यांचा व्यापार मोठा होता. एडिंबरा शहरात जॉर्ज स्ट्रीटवर अशा सामानाचे एक दुकान होते. ते चालवी जेन गोगेन. ही शिंप्याची मुलगी. नवरा परदेशी माल आणून विकणारा. दुकानात येणाऱ्या बायका लोकर घेत, रेशीम घेत आणि मग विचारीत, “याचे करायचे काय आणि कसे?” जेनबाईंनी त्या प्रश्नाला उत्तर द्यायला सुरुवात केली. नमुने स्वतः बसवायचे, करून पाहायचे आणि लिहून गिऱ्हाइकांच्या हाती द्यायचे. टाक्यांसाठी तिने अक्षरांची आणि खुणांची आपली अशी पद्धत ठरवली, कारण तोवर हे सगळे तोंडीच चालत आले होते. आज पुस्तकातला नमुना वाचून आपण टोपरे विणतो, त्या वाटेवरची ही आरंभीची पावले.

सन १८४० साली तिचे पुस्तक निघाले. त्याचे नाव लांबलचक आहे, पण त्या नावात तीन कामे एका ओळीत बसली आहेत: दोन सुयांचे विणकाम, जाळीकाम आणि क्रोशा. मला या नावाचे फार अप्रूप वाटते. क्रोशा तेव्हा अगदी काल आलेली पोर होती. तरीही त्या दुकानदारणीने तिला माजघराच्या दाराशी उभे न ठेवता थोरल्यांच्या पंगतीला पाट मांडून दिला. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १८६० साली जेनबाई वारली. तिच्यामागून लंडनमध्ये मिस लँबर्ट आली. तिचाही भरतकामाच्या सामानाचा व्यवसाय होता आणि तिनेही १८४० नंतरच्या काही वर्षांत पुस्तके लिहिली. पाठोपाठ आली एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर. वडील फ्रेंच, आई आयरिश. १८४६ साली तिचे पहिले पुस्तक निघाले, तेव्हा तिने विशीही ओलांडली नव्हती. पुढे तिने साठाहून अधिक पुस्तके काढली, लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवर दुकान चालवले आणि १८५१ च्या प्रसिद्ध जागतिक प्रदर्शनात आपल्या कामासाठी पदक मिळवले.

वाचकांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. क्रोशाला समाजात बसवले ते कुठल्या दरबाराने किंवा विद्यापीठाने नव्हे. दोराच विकणाऱ्या बायकांनी बसवले. दुकानात आलेली बाई नमुना घेऊन घरी गेली, तिने तो शेजारणीला दाखवला आणि दोघी मिळून पुन्हा दुकानात आल्या. म्हणजे व्यापारही झाला आणि विद्याही पसरली. खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या हातातही ही सुई होती. तिच्या अखेरच्या काळात, १९०० साली, दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धातल्या निवडक सैनिकांना देण्यासाठी तिने खाकी बर्लिन लोकरीचे आठ गळपट्टे क्रोशाने केले. त्यांतला एक आज ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात जपून ठेवला आहे.

इतका मान मिळालेली ही धाकटी पुढे दुय्यम का झाली? याचे उत्तर शोधायला आयर्लंडमध्ये जावे लागते.

सन १८४५ मध्ये तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. आपल्याकडे ज्वारी-बाजरी जावी तसे ते झाले, कारण गरिबाच्या घरी दोन्ही वेळच्या जेवणाला बटाटाच होता. पुढच्या पाच-सहा वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्या दिवसांत कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉक येथील अर्सुलाइन जोगिणींनी मुलींना क्रोशा शिकवायला घेतले. मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी तिथल्या धर्मोपदेशकाची पत्नी कसांड्रा हँड हिने १८४७ साली शिक्षिका आणवून हाच उद्योग सुरू केला. यामागचा हिशेब सरळ होता. व्हेनिसची सुईने केलेली लेस फार महाग आणि फार वेळखाऊ. क्रोशाने तिच्यासारखी दिसणारी लेस कितीतरी लवकर होई. भांडवल काय, तर एक आकडा आणि दोऱ्याचा गुंडा. एका घरात गुलाब व्हायचा, दुसऱ्यात तिपानी पाल्याची पाने, तिसऱ्यात वेल. मग सगळे तुकडे जाळीने जोडून गळपट्टी किंवा झगा तयार होई. एकेका घराण्याची खास फुले असत आणि ती परक्यांना शिकवीत नसत. आईचे मसाले आपण जसे शेजारी सांगत नाही, तशातलाच प्रकार.

या सुईने कित्येक घरांत भाकरी आली, जमिनीचा खंड भरला गेला, कुणाच्या जहाजाच्या तिकिटाचे पैसे उभे राहिले. पण नावही त्याबरोबरच चिकटले. क्रोशा म्हणजे गरिबांचे काम, क्रोशा म्हणजे खऱ्या लेसची नक्कल, असे बोलले जाऊ लागले. ज्या कामाने माणसे जगली, त्याच कामाला त्यांच्या गरिबीचा वास येऊ लागला. जगाची रीत अशीच आहे. चुलीने स्वयंपाक करायचा आणि काळी म्हणून तिलाच हिणवायचे.

दुसरे कारण थोरलीच्या वाढत्या प्रतिष्ठेत आहे. लोकर कातणाऱ्या मोठमोठ्या गिरण्यांनी आपल्या लोकरीच्या खपासाठी नमुन्यांची पुस्तके छापली, आणि त्यांत स्वेटरांचा भरणा असे. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या वर्षांत, खंदकांतल्या सैनिकांसाठी लक्षावधी मोजे घरोघर विणले गेले. दोन सुया चालवणे ही देशसेवा ठरली. धाकटीच्या वाट्याला उरले मेजावरचे रुमाल आणि किटलीवरच्या टोप्या. दुकानाच्या दर्शनी भागात स्वेटर झळकू लागले आणि आकड्याच्या सुया बटणांच्या खोक्यांमागे गेल्या. इंग्लंड-अमेरिकेत तर क्रोशावालीने लोकरीच्या दुकानात पाऊल टाकले की तिच्याकडे जरा वरून बघण्याची पद्धतच पडून गेली. अमेरिकेत क्रोशा करणाऱ्यांनी १९९४ साली आपला स्वतंत्र संघ स्थापला.

आपल्या देशातही ही सुई पाद्र्यांच्या आणि जोगिणींच्या शाळांतून बरीच पसरली. आंध्रातल्या गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर भागात स्कॉटिश मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ती नेली. तिथे तिचा केवढा तरी धंदा झाला. हजारो बायका घरी बसून लेस विणतात, दलाल ती गोळा करतात, व्यापारी परदेशी धाडतात. मारिया मीस या जर्मन विदुषीने या बायकांत राहून केलेला अभ्यास १९८२ साली पुस्तकरूपाने निघाला. तिने जे दाखवले ते वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिले. घरचे सगळे आवरून दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणणाऱ्या या बायका ‘कामकरी’ म्हणून कुठे मोजल्याच जात नव्हत्या. त्या गृहिणी, रिकामा वेळ घालवतात, एवढेच. त्यांची फुले परदेशांतल्या मेजांवर पसरली होती आणि हातात येणारी मजुरी रोजच्या कष्टाच्या मानाने अगदीच तुटपुंजी होती. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशाला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव राखले गेले ही चांगलीच गोष्ट झाली. नावामागून दामही यायला हवा.

इथे यंत्राचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ साली मोजे विणण्याचे यंत्र बनवले. हातांनी विणणाऱ्या गरिबांचे पोट जाईल म्हणून एलिझाबेथ राणीने त्याला सनद नाकारली अशी कथा सांगतात. पुढे ते यंत्र चाललेच, आणि आज आपण अंगात घालतो ते बनियन, मोजे, स्वेटर सगळे यंत्रावरचे. क्रोशाचे तसे नाही. क्रोशासारखी दिसणारी जाळी काढणारी यंत्रे आहेत, पण ती खरे म्हणजे वेगळ्या जातीचे विणकाम करतात. फासातून फास ओढीत वाटेल त्या दिशेला वळणारे हाताचे क्रोशाकाम जसेच्या तसे करणारे यंत्र कारखान्यांत आलेले नाही. याचा अर्थ वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. बाजारात क्रोशाची पिशवी किंवा झबले स्वस्तात मिळाले, तर ते यंत्राने स्वस्त झालेले नसते. त्याचा प्रत्येक खांब कुणाच्या तरी बोटांनी घातलेला असतो, आणि स्वस्ताई त्या बोटांच्या मजुरीतून निघालेली असते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. आपल्याकडे लोकरीचे दुकान म्हणजे हंगामी प्रकरण. कोजागिरीला फळ्या निघतात, संक्रांत उलटली की लोकर डांबराच्या गोळ्यांसह कपाटात जाते. उरलेल्या महिन्यांत दुकानदार बटणे, अस्तर आणि नाड्या विकून दिवस काढतो. क्रोशाचा दोरा बहुतेक सुती, तेव्हा तो लोकरीच्या दुकानाचा माल असे कुणाला वाटलेच नाही. तो मिळायचा मण्यांच्या, लेसच्या, शिवणसामानाच्या दुकानात. पुण्याच्या तुळशीबागेत किंवा रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. लोकरवाला म्हणे, क्रोशा आमचा नव्हे; मणीवाला म्हणे, दोरा घ्या, विणायचे कसे ते आम्हाला विचारू नका. अशी ही धाकटी दोन घरची पाहुणी झाली आणि उपाशी राहिली.

आमच्या तालुक्याच्या गावी असेच एक दुकान आहे. काचेच्या कपाटात स्वेटरांचे नमुने, भिंतीवर लोकरीच्या लडी, आणि क्रोशाच्या सुया एका डब्यात गंजत पडलेल्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई बाळांची टोपरी करून विके. नवऱ्याची मिळकत बेताची, टोपऱ्यांवर मुलीची वह्या-पुस्तके होत. ती एकदा माझ्याबरोबर त्या दुकानात आली.

“काय दाखवू, वहिनी?” दुकानदारांनी विचारले.

“क्रोशाला चालेल अशी मऊ लोकर हवी होती, काका. आणि तिला कुठल्या नंबरची सुई लागेल?”

“क्रोशाला काही वेगळी लोकर येत नाही. स्वेटर कितीचा आहे ते सांगा, म्हणजे गोळे काढून देतो.”

“स्वेटर नाही हो. टोपरी आहेत, बारा.”

“मग उरलेसुरले तुकडे घ्या की. टोपऱ्याला काय लागते!”

काका माणूस वाईट नव्हे. उधारीवर लोकर देताना कुणाच्या तोंडाकडे न बघणारा. पण त्यांच्या बोलण्यात शंभर-दीडशे वर्षांचा तो जुना समज आपसूक येऊन बसला होता. त्या बाई काही न बोलता पांढरी लोकर घेऊन बाहेर पडल्या. रस्त्यात मला म्हणाल्या, “बाई, व्यापारीसुद्धा हेच विचारतो, लोकर किती लागली? दिवस किती लागले, हे कुणीच विचारीत नाही.”

पुढच्या वर्षी काकांच्या घरी सून आली. ती कोकणातली. तिच्या माहेरी आजी, आई, मावशी सगळ्या क्रोशावाल्या. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा ती गल्ल्याशेजारी बसून विणत असे. रस्त्याने जाणाऱ्या बायका थबकून बघू लागल्या. सुनेने हळूहळू दुकानाची मांडणी बदलली. गंजलेल्या सुया फेकून नव्या आणल्या. बारीक दोऱ्यासाठी पोलादी, लोकरीसाठी जाड. प्रत्येक जातीच्या दोऱ्याचा हातभर चौकोनी तुकडा स्वतः विणून त्याला चिठ्ठी लावली: कोणती सुई, किती खांब, धुतल्यावर किती आटते. सुती दोरा लोकरीच्या शेजारी आला. दारात एक बाक टाकले. मोबाइलवर बघून शिकणाऱ्या पोरी अमेरिकन नावे घेऊन येतात आणि जुन्या पुस्तकांत असतात इंग्रजी नावे. अमेरिकेतला ‘सिंगल’ टाका तोच इंग्लंडातला ‘डबल’, आणि आपला मुका खांब. याचा घोळ होऊन कितीतरी रुमाल उसवले गेले असतील. सुनेने तिन्ही नावांचा एक तक्ता करून भिंतीवर लावला. मी शाळेसाठी तो उतरून घेतला आहे.

काका सुरुवातीला कुरकुरले. “बायका नुसत्या बसून राहतात,” म्हणाले. पण वैशाखातही दुकानात माणसे दिसू लागली, तेव्हा त्यांची कुरकुर थांबली. सुती काम बारा महिने चालते. शिवाय खांब घालत गेले की सारख्याच आकाराच्या कापडाला क्रोशात दोन सुयांपेक्षा जास्त दोरा जातो, असा विणणाऱ्यांचा अनुभव आहे. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला दुकानाने इतकी वर्षे तुकडे दाखवले, ती खरी भरपूर दोरा नेणारी! काकांनी हे मला इतक्या गंभीरपणे सांगितले, की जणू ते त्यांना पहिल्यापासून ठाऊकच होते.

टोपरी करणाऱ्या बाईंना त्या बाकावर जागा मिळाली. तिथे चौघीजणींत बोलता बोलता एका टोपऱ्याला किती तास जातात याचा हिशेब प्रथमच झाला, कागदावर झाला. तेव्हापासून त्या व्यापाऱ्याला लोकर किती ते सांगतच नाहीत, तास सांगतात. व्यापारी एकदम सुधारला असे मी म्हणणार नाही. पण दर थोडा वाढला आणि बाई मान वर करून बोलू लागल्या. सूनबाईंनी जेन गोगेनचे नाव कधी ऐकले नव्हते. मी तिची हकिकत सांगितली तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “म्हणजे माझ्या आधी कुणीतरी हेच करून बसले आहे तर!”

धाकटीच्या बुद्धीविषयी ज्यांना अजून शंका असेल, त्यांच्यासाठी एक शेवटची हकिकत. भूमितीत एक अशी वक्र पातळी आहे, की जिच्यावर एका रेषेला बाहेरच्या बिंदूतून अनेक समांतर रेषा काढता येतात. एकोणिसाव्या शतकात गणितज्ञांनी ती कागदावर मांडली, पण हातात धरता येईल असा तिचा टिकाऊ नमुना करणे कठीण जाई. कागदाचे तुकडे जोडून केलेले नमुने फाटत. १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लाटव्हियाच्या डायना टायमिना या गणिताच्या बाईंनी तो क्रोशाने केला. दर ठराविक खांबांनंतर एक खांब वाढवत जायचे, की कापड आपोआप कोबीच्या पानासारखे दुमडत जाते. दोन सुयांनी हे करायचे तर वाढत जाणारी शेकडो घरे सुईवर सांभाळावी लागली असती. आकड्यावर एकच फास, म्हणून काम सोपे झाले. विद्यार्थी तो नमुना हातात घेऊन, घड्या घालून, समांतर रेषा बोटाने तपासू लागले. त्याच रीतीने मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी २००५ पासून प्रवाळांचे क्रोशाचे प्रचंड बेट उभारायला घेतले, आणि देशोदेशींच्या हजारो बायकांनी त्यात आपापले तुकडे घातले. पोवळ्यांच्या कडा तशाच दुमडलेल्या असतात. झालर घालताना खांब जास्त झाले की कड अशीच फुगते, हे आपल्या आज्यांना ठाऊकच होते. त्यामागे गणित आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

तेव्हा वाचकहो, विशेषतः दुकाने चालवणाऱ्या वाचकांनो, एवढेच मागणे आहे. दुकानात आकड्याची सुई मागायला कुणी आले तर डबा धुंडाळायची वेळ येऊ देऊ नका. कपाटात एका स्वेटराशेजारी एक क्रोशाचा नमुना टांगा. बसायला जागा द्या. “काय करायचे आहे?” असे विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. आणि ज्यांचे दुकान नाही, अशा आम्हा घेणाऱ्यांनी हातचे काम विकत घेताना किती लोकर लागली हे न विचारता किती दिवस लागले ते विचारावे. उत्तर मिळाले की मग घासाघीस करण्याची फारशी इच्छा उरत नाही, असा माझा अनुभव आहे.